टू-स्ट्रोकचा थरथराट आणि माझी दोन बोटं

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मला कळत नाहीत. दोन्ही बोटं जागेवर आहेत, वाकतात, नटसुद्धा धरतात. पण त्यांना गरम लागलं की गार, टोचलं की नुसतं टेकलं, ते माझ्यापर्यंत येत नाही. डाव्या हाताचंही तसंच होत चाललंय. हे मला फार उशिरा समजलं, आणि त्या उशिरापायी मी एका माणसाचं नाव दोन वर्षं मातीत घातलं.

माझा धंदा टू-स्ट्रोक गाड्यांचा. रस्त्यावर पळणाऱ्या नव्हे. मुरमाच्या मैदानात उड्या मारायच्या गाड्या, ज्यांना ना लाइट असतो, ना आरसा, ना पासिंग. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, किक मारायची, आणि माशी कानात शिरल्यासारखा आवाज करत गाडी सुटते. इंजिनात सामान थोडं. एक पिस्टन, दोन रिंगा, वर एक कार्बोरेटर. हुशार माणूस आठ दिवसांत शिकतो. मी चार दिवसांत शिकलो होतो.

आमच्या घरी मेंढरं होती. कन्नडच्या पलीकडं आमचं गाव. मी सतराव्या वर्षी शहरात आलो आणि रोशन गेटजवळच्या एका गॅरेजात रॉकेलमध्ये पार्ट धुवायला लागलो. मालक दिवसातून दोनदा कानाखाली वाजवायचा. तिसऱ्यांदा वाजवली त्या दिवशी मी पान्हा उचलला, आणि त्याच दिवशी ते गॅरेज सुटलं. तेव्हापासून कोणाच्या हाताखाली काम केलं नाही. आज स्वतःचं दुकान आहे, टेम्पो आहे, आणि दुकानाच्या माळ्यावर एकाच परदेशी गाडीचे इतके पार्ट आहेत की महाराष्ट्रात कुठंही मैदानात इंजिन फुटलं की फोन मला येतो.

एकाच गाडीचे, कारण ती गाडी बदललीच नाही. वीसेक वर्षं कंपनीनं तिचे रंग आणि स्टिकर बदलले, इंजिनाला हात लावला नाही. जुन्या गाडीची रिंग नव्या गाडीला बसते, नव्या गाडीचा क्लच जुन्या गाडीला बसतो. ग्राहकाला हे फार आवडतं. मला त्याहून जास्त आवडतं. दहा वर्षांपूर्वी घेऊन माळ्यावर टाकलेला पार्ट आजच्या भावानं जातो, आणि तो जुना झाला असं कोणी म्हणू शकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीचा एक माणूस पुण्याहून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. म्हणाला, ही गाडी आता नव्यानं बनवावी का, असा विचार कंपनीत चाललाय. जे लोक रोज हिच्याशी झगडतात त्यांची मतं गोळा करतोय. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की माझं मत फुकट मिळणार नाही. त्याला गंमत वाटली. मी गंमत करत नव्हतो. शेवटी गॅस्केटच्या सहा सेटवर आमचं जमलं. ते त्यानं पुढं खरंच पाठवले, म्हणून त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

त्यानं सांगितलं की युरोपातल्या कंपन्यांनी टू-स्ट्रोकला कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन बसवलं, बटणावर चालू होतील अशा केल्या, इंजिनात एक बॅलन्सर फिरता ठेवला, त्यामुळं हँडल थरथरत नाही. मी एकेक मुद्दा मोडून काढला. इंजेक्शनचा सेन्सर सोयगावच्या रेसमध्ये गेला तर तिथं कोण आहे? कार्बोरेटर मी बायकोच्या शिलाई मशीनच्या स्क्रू ड्रायव्हरनं उघडून पुसून लावलाय. बटण म्हणजे बॅटरी, बॅटरी म्हणजे वजन, आणि ते वजन उडी मारताना चालवणाऱ्यालाच उचलावं लागतं. गाडी महाग होईल ती वेगळीच. आज पोरं चार-चार जण पैसे घालून जुनी गाडी घेतात आणि आळीपाळीनं चालवतात. तुमची नवी गाडी कोण घेईल? ज्याच्या बापाचं हॉटेल आहे तो.

हे सगळं खरं होतं. आजही खरं आहे. खोटं एवढंच होतं, की मी ते त्या कारणांसाठी बोलत नव्हतो. एक कारण माळ्यावर पडलं होतं. दुसरं कारण असं, की हा माणूस माझ्याकडं येण्याआधी फुलंब्री रोडला धंद्यातल्या माझ्या जुन्या जोडीदाराकडं जाऊन आला होता आणि जोडीदारानं त्याला सांगितलं होतं, बदला. आधी बॅलन्सर घाला.

ते ऐकलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. त्यानं बदला म्हटलं म्हणून मी एक स्क्रूसुद्धा बदलू नका म्हटलं. कंपनीच्या माणसानं टॅबवर पुढचा प्रश्न वाचला, की बराच वेळ गाडी चालवल्यावर तुमचे हात बधिर होतात का. मी त्याला सांगितलं, ज्यांचे हात बधिर होतात त्यांनी स्कूटी चालवावी. त्यानं ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

जोडीदाराविषयी सांगायला हवं.

तो आमच्याच गावचा. त्यांचीही मेंढरंच. त्याचे वडील आणि माझे वडील कन्नडच्या बाजारात शेजारी शेजारी कळप उभे करायचे. तिथं भाव तोंडानं सांगत नसत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसायचे, हातांवर टॉवेल टाकायचा, आणि टॉवेलाखाली एकमेकांच्या बोटांची टोकं दाबायची. अंगठ्यापासून सुरू. जितकी टोकं दाबली तितका आकडा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहायचा. आणि एकदा हात सोडताना ‘दिलं’ म्हटलं की मग बोलणं नाही. जनावर लंगडं निघो की मरो, शब्द गेला. आम्ही दोघं दहा वर्षांचे असताना हे शिकलो होतो, टॉवेलाखाली हात घालून, बोरांचे सौदे करत.

शहरात आम्ही तेच चालवलं. जुन्या पार्टांचे व्यापारी रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर जमतात. पोरं गाड्या उडवतात, आणि आम्ही टेम्पोच्या फळक्यावर पार्ट मांडून बसतो. सुरुवातीला लोक आम्हाला हसले. मग हळूहळू सगळेच टॉवेल आणायला लागले. भाव फोडायचा नसतो, प्रत्येकाला वेगळा द्यायचा असतो. टॉवेल फार सोयीचा होता. जालन्याकडचे एक म्हातारे व्यापारी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांना तर दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सौदा करणं हलकं वाटायला लागलं होतं.

आम्ही दोघांनी मिळून पहिली परदेशी गाडी आणली होती. ती खोक्यांतून आली आणि आम्ही तीन दिवसांत उभी केली. धंदा त्या गाडीवर उभा राहिला. सतरा वर्षं दुकान एकत्र चाललं. मग जोडीदार म्हणायला लागला, गड्या, आता फोर-स्ट्रोकचे दिवस आहेत, इंजेक्शनच्या गाड्या येतायत, लॅपटॉप लावून काम शिकू. मी म्हणालो, लॅपटॉपला ग्रीस लागत नाही तोवर मला त्याचा उपयोग नाही. असे दोन-तीन महिने गेले. शेवटी त्यानं वेगळं व्हायचं ठरवलं. मला तो पळून जातोय असं वाटलं, आणि मी तसं बोललोही.

सगळी वाटणी शांतपणे झाली, फक्त ती गाडी राहिली. अर्धी त्याची, अर्धी माझी. मी म्हणालो, मी घेतो, तुझ्या अर्ध्याचा भाव सांग. एक लाख उघड ठरला. वर किती ते रविवारी मैदानावर टॉवेलाखाली बघू, एक बोट म्हणजे दहा हजार, असं ठरलं.

ती थंडीतली सकाळ होती. घ्यायच्या आधी मी गाडी पळवून पाहिली. सतरा वर्षं माझीच असलेली गाडी, तरी पळवून पाहिली, कारण घेणाऱ्यानं खोड काढायचीच असते. सात-आठ चकरा मारल्या. उतरलो, हातमोजे काढले, हात चोळले. मग आम्ही टेम्पोच्या फळक्यावर बसलो. काका होते, आणखी तीन व्यापारी होते. जोडीदारानं टॉवेल टाकला.

मी त्याची दोन बोटं दाबली. त्यानं माझी दाबली. मी मोजली. अंगठा, पहिलं, मधलं. तीन. मला वाटलं, स्वस्तात सुटलो. आणखी ओढता आलं असतं, पण म्हटलं, जुना माणूस आहे, जाऊ दे. मी ‘दिलं’ म्हणालो आणि हात सोडला.

त्यानं टॉवेल झटकला आणि मला हळूच म्हणाला, "पाच जास्त होत्याल असं वाटलं होतं मला. तू एका दमात व्हय म्हनला."

मी विचारलं, कसले पाच?

पुढचं मला नीट आठवतं. कोणी कोणी काय पाहिलं तेही आठवतं. मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो की यानं तीन दाबले आणि आता पाच म्हणतोय. तो म्हणाला, पाच दाबले, देवाशपथ. त्याचा आवाज चढला नव्हता, माझाच चढला होता. तो बसलेलाच होता. मग मी जे बोललो ते मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेलं. मी म्हणालो, "बापाचाच हात हाय हा. कन्नडच्या बाजारात लंगडी मेंढरं धडधाकट म्हनून ज्यानं इकली, त्याच्याकडनं दुसरं काय येनार?"

त्याचे वडील तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती. लंगडी मेंढरं त्यांनी विकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. ते मी तिथल्या तिथं तयार केलं.

त्यानं टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाला, "पाच तुला जास्त वाटत असंल तर उलटं करू. पाचानं तूच तुझी अर्धी मला दे." म्हणजे जो भाव त्यानं मागितला म्हणत होता, तोच तो स्वतः द्यायला तयार होता. फसवणारा माणूस असं करत नाही. हे तिथं उभ्या असलेल्या कोणालाही कळलं असतं, मलाही कळायला हवं होतं. पण मी रागात होतो आणि राग मला नेहमी हिशेबापेक्षा स्वच्छ वाटत आलाय. मी म्हणालो, घेऊन जा. तो गाडी घेऊन गेला, पैसे दुसऱ्या दिवशी आले. त्याच्या पिकअपमध्ये ती चढवायला मी हात लावला नाही.

नंतर दोन वर्षं मी एकच गोष्ट सांगत फिरलो. तीन दाबून पाच म्हणाला, आणि शेवटी गाडीही त्यानंच लाटली. चहाच्या टपरीवर सांगितली, फोनवर सांगितली, नाशिकच्या आणि कोल्हापूरच्या पोरांना सांगितली. कोणी त्याच्याकडून पार्ट घेतला असं कळलं की मुद्दाम सांगितली. मी सांगतो चांगलं. हळूहळू रविवारच्या मैदानावर त्याच्यासमोर कोणी टॉवेल टाकेना. त्याचा हात कोणी घेईना. तो काही महिने येत राहिला, पिकअपपाशी एकटा उभा राहायचा. मग यायचा बंद झाला. ते मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

आता बोटांकडं येतो.

यंदाच्या थंडीत दुकानात एक गाडी चालू ठेवून मी कार्बोरेटर लावत होतो. उजवा हात कुठंतरी टेकला होता. जळक्या वासानं मी वर पाहिलं. वाटलं वायर जळतेय. वायरी तपासल्या. मग पाहिलं तर माझी करंगळी सायलेन्सरला टेकलेली होती आणि तिची कातडी पांढरी होऊन उचलली गेली होती. मला काहीच लागलं नव्हतं. मी हात बाजूला घेतला आणि काम पुरं केलं.

बायकोनं संध्याकाळी फोड पाहिला. तिनं विचारलं कसं झालं, मी सांगितलं. ती म्हणाली, भाजलं तवा ओरडले कामून नाय? मी म्हणालो, कळलं नाय. ती भाकरी करता करता थांबली. आमच्याकडं ती सहसा मला ऐकवत नाही, कारण ऐकवलं की मी ताट सरकवतो. त्या दिवशी तिनं स्वतःच ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "सकाळी थंडीत तुमची बोटं पांढरी पडत्यात, मी तीन वर्षं बघते. कप हातातनं पडतो तुमच्या आन् तुमी कपाला शिव्या देता. उद्या डॉक्टरकडं चला, नायतर मी दुकानात येऊन बसते."

डॉक्टरीणबाई सिडकोत बसतात. वयानं माझ्या मुलीएवढ्या. काय काम करता विचारलं. मी सांगितलं, गाड्या चालवून पाहतो, आणि इंजिनाचे सिलिंडर आतून हातातल्या ग्राइंडरनं खरवडून मोठे करतो. किती वर्षं? तीसच्या वर. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, डोळे मिटा, मी तुमच्या बोटांना हात लावेन, किती बोटांना लावला ते सांगा.

मी डोळे मिटले. त्यांनी लावला. अंगठा, पहिलं, मधलं.

"तीन," मी म्हणालो.

"पुन्हा एकदा."

"तीनच."

"डोळे उघडा." त्यांनी माझी करंगळी चिमटीत धरली होती. म्हणाल्या, "दोन्ही वेळा पाचही बोटं दाबली मी."

मी त्यांच्या हाताकडं बघत राहिलो. त्या पुढं सांगत होत्या, की सतत थरथर बसून हातातल्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, ग्राइंडरनं होतात, हँडलनंही होतात, दोन्हींचं मिळून झालंय. थंडीत आणि गाडी चालवून उतरल्यावर जास्त होणार. गेलेली संवेदना बहुतेक परत येणार नाही, उरलेली टिकवायची असेल तर थरथर बंद करा. आणखी तपासण्या लिहून दिल्या. बायको प्रश्न विचारत होती. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो. मला काहीच होत नव्हतं. रिक्षात बसून मी डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट दाबत आलो, आणि प्रत्येक वेळी तीनच निघाले.

तीन आठवडे मी कोणाला काही बोललो नाही. दुकान उघडलं, पार्ट दिले, भाव केले. एका गिऱ्हाइकाशी क्लच प्लेटवरून अर्धा तास घासाघीस केली आणि जिंकलो. जेवण जात होतं, झोप येत होती. फक्त कोणी जोडीदाराचं नाव काढलं की पूर्वी जो जाळ उठायचा तो उठत नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरं काही येतही नव्हतं. दोन वर्षं मी त्या रागाच्या आधारानं बराच चाललो होतो, हे तो गेल्यावर कळलं.

चौथ्या आठवड्यात मी टेम्पो काढला आणि फुलंब्री रोडला गेलो.

त्याचं वर्कशॉप स्वच्छ आहे. फरशी आहे. तो एका नव्या गाडीला लॅपटॉप जोडून स्टुलावर बसला होता. कोपऱ्यात आमची जुनी गाडी उभी होती, पुसलेली. मला पाहून तो उठला नाही.

"कोनता पार्ट पायजे?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, पार्ट नाय. आणि डॉक्टरांचा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो वाचला. इंग्रजी होतं, त्याला वेळ लागला. मी डॉक्टरीणबाईंनी बोटं कशी दाबली ते सांगितलं. तो ऐकत होता आणि लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत होता.

"म्हंजी तुला तीन लागले," तो म्हणाला.

"व्हय."

"आन् मी पाच दाबले होते."

"व्हय."

त्यानं कागद लॅपटॉपशेजारी ठेवला. मग म्हणाला, "त्या दिशी उतरल्यावर तू हात चोळीत व्हता. मला वाटलं थंडी हाय." आणि स्वतःचा डावा हात वर करून करंगळी दाखवली. "ही माझी पन गेली. गेल्या साली कळलं. म्हून त्या कंपनीवाल्याला सांगितलं, आधी बॅलन्सर घाल. पोरं धा-धा तास चालवत्यात."

मला वाटलं होतं त्यानं ते माझ्या धंद्यावर पाणी फिरवायला सांगितलं. मी ते त्याला बोललो नाही.

मी म्हणालो, चूक माझ्या बोटांची झाली, गड्या, आता सोड. मी हे मनापासून म्हणालो. आणि म्हणताना थोडं हलकंही वाटत होतं, कारण चूक बोटांची होती, माझी नव्हती.

तो म्हणाला, "बोटं तुझी बधिर व्हती, मानलं. जीभ कुठं बधिर व्हती? माझ्या बापाला तू काय बोलला, ते कोनत्या बोटानं बोलला?"

याचं उत्तर मी वाटेत तयार करून आणलं नव्हतं. आयुष्यात मी कोणत्याही सौद्याला उत्तर तयार केल्याशिवाय बसलेलो नाही, त्या दिवशी बसलो. मी जमिनीकडं बघितलं. फरशीवर ऑइलचा एक थेंबही नव्हता.

"आन् मला कामून सांगायला आला?" तो म्हणाला. "मला ठावं व्हतंच मी किती दाबले. ज्यान्ला सांगत फिरला त्यान्ला सांग."

त्यानं कागदाची घडी घालून मला परत दिली आणि पुन्हा लॅपटॉपकडं वळला. चहा विचारला नाही. आमच्याकडं वैऱ्यालाही चहा विचारतात.

परत येताना रस्त्यात टेम्पो बाजूला घेऊन मी कंपनीच्या माणसाला फोन केला. त्याला आधी ओळख पटेना, मग गॅस्केटवरून पटली. मी सांगितलं, लिहून घ्या, माझं मत बदललंय. कार्बोरेटर राहू द्या, किक राहू द्या, जुने पार्ट बसतील असं बघा, पण बॅलन्सर घाला. गाडी महाग झाली तरी घाला. बाकी लोक काय सांगतात मला माहीत नाही, माझी दोन बोटं गेली आहेत. तो म्हणाला, सर, अहवाल तर केव्हाच गेला, तरी मी पाठवून बघतो, निर्णय तिकडं होतो. मी म्हणालो, पाठवा. या खेपेला बदल्यात काही मागितलं नाही. फोन ठेवल्यावर माळ्यावरचे ते क्रँकचे आणि केसिंगचे ढीग डोळ्यांसमोर आले. बॅलन्सर आला की निम्मे भंगारात जातील. जाऊ देत, असं वाटलं. खरं तर तेवढंही वाटलं नाही.

रविवारी मैदानावर गेलो. जोडीदाराला एका ओळीचा निरोप पाठवला होता, त्यानं उत्तर दिलं नव्हतं. पण त्याचा पिकअप आला होता, लांब, पाण्याच्या टाकीपाशी. तो पिकअपला टेकून उभा होता.

काका होते. त्या दिवशीच्या तिघांपैकी दोघं होते, आणखी चार-पाच जण होते. पोरं गाड्या उडवत होती, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागलं. मी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी त्यानं पाचच दाबले होते. मला तीन लागले कारण माझी दोन बोटं मेलेली आहेत. डॉक्टरांचा कागद आहे, ज्याला बघायचाय त्यानं बघा. त्यानं कोणाला फसवलं नाही.

कोणी कागद मागितला नाही. एक जण म्हणाला, "मंग आता तुमच्याशी सौदा कसा करायचा, शेठ? टाचनी घेऊन यावं लागंल." दोघं-तिघं हसले. पूर्वी मी त्याची गचांडी धरली असती. मी हसणं संपायची वाट पाहिली.

मग दुसरं सांगितलं. "त्याच्या बापाबद्दल बोललो ते मी मनचं बोललो. त्या मानसानं आख्ख्या हयातीत लंगडं मेंढरू इकलं नाय. माझा बाप त्यांच्या शेजारी उभा राहायचा, मला ठावं हाय."

यावर कोणी हसलं नाही. एकानं तंबाखू मळायला घेतली. एकाचा फोन वाजला, तो बाजूला गेला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. कोणी शिवी देईल, कोणी पाठीवर हात ठेवेल. तसं काही झालं नाही. दोन वर्षं मी जी गोष्ट रंगवून सांगितली ती त्यांनी मन लावून ऐकली होती. खरी गोष्ट दोन मिनिटांत संपली.

काका मात्र उठले. त्यांनी त्यांच्या फळक्यावरचा एक जुना कार्बोरेटर उचलला, खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला आणि टाकीच्या दिशेनं चालायला लागले. आम्ही बघत राहिलो. काकांनी कार्बोरेटर जोडीदाराच्या पिकअपवर ठेवला, स्वतःच्या मनगटावर टॉवेल टाकला आणि त्याच्यापुढं हात केला.

एवढ्यात चकरा मारणारी पोरं थांबली होती, त्यामुळं तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं.

"टॉवेल नगं, काका. तोंडानं सांगा. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

काका थोडा वेळ तसेच उभे राहिले, हात पुढं करून. मग त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, एकदा आमच्याकडं पाहिलं आणि आकडा बोलले. बोलताना अडखळले. पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून भाव कोणी ऐकला नव्हता. जोडीदारानं कमी सांगितला, मोठ्यानं. काका उतरले, तो चढला. सौदा झाला. तो जितक्याला झाला तितक्याला तसला कार्बोरेटर मी काकांकडून कधीच घेतला नव्हता, कायम जास्त देत आलो होतो. हे तिथं उभ्या असलेल्या बाकीच्यांनाही आपापल्यापुरतं कळलं असावं, कारण एकदोघं काकांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

मी सामान आवरलं. जोडीदार पिकअप घेऊन निघाला तो माझ्या टेम्पोजवळ थांबला. काच खाली केली.

"याचे जेट हायेत का तुझ्याकडं?" त्यानं कार्बोरेटरकडं मान करून विचारलं.

"माळ्यावर हायेत."

"उद्या मानूस पाठवतो."

मी व्हय म्हणालो. तो स्वतः येणार नव्हता, ते त्यानं सांगितलं आणि मला समजलं. काच वर झाली. पिकअप मुरमावरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मी फळकं लावत होतो. कडी बसली की नाही ते बोटांना कळेना, म्हणून वाकून डोळ्यांनी पाहिली.